कापसामागची गाडी

दिवाळीचा फराळ डब्यांत अजून शिल्लक होता, तेव्हाच बायको पुण्याला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. रिवाजाप्रमाणे लेकीनं माहेरी यायला हवं होतं. पण तिची डॉक्टरीण तिकडची, नोकरी तिकडची आणि आमच्या गावात तिला चार दिवसांच्या वर करमत नाही. म्हणून माहेरच उठून पुण्याला गेलं. शेत, एक गाय, वेचणीला आलेला कापूस आणि स्वतःची इलेक्ट्रिक गाडी, एवढं माझ्यावर सोपवून ती बसमध्ये चढली.

गाडी तिची, हे मुद्दाम सांगतो. गावात कोणी ती माझी समजत नाही आणि मीही तसा आव कधी आणला नाही. बायकोची सगळी नोकरी आरोग्यसेविकेची झाली. आमच्या धाड गावाच्या आसपासची खेडी तिनं आधी पायी, मग जीपच्या टपाला लटकायचं तेवढं बाकी ठेवून आणि शेवटी स्कूटीवर पालथी घातली. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून ट्रॅक्टर घेऊ, असं मी सुचवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कार घेतली. पेट्रोल पंप लांब, घरी मात्र दिवसातून कधी ना कधी लाईट येतेच, असा तिचा हिशेब. गाडी आली त्या दिवशी साऱ्या गावानं तिला नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली अडलेली बाई, पडलेलं पोर, डोळ्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी असं सगळं त्या गाडीतून बुलढाण्याला जाऊ-येऊ लागलं. मला स्वतःला गाडी येत नाही. शिकावंसंही वाटलं नाही. एका घरात एक चालवणारा पुरे आहे, विशेषतः तो बायकोइतका हट्टी असेल तर.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती पापडाचे डबे बांधत होती आणि लेकीचा फोन बाजूला मोठ्या आवाजात चालू होता. लेक म्हणत होती, आई, आता इकडंच राहायचं, बाळ मोठं होईपर्यंत तरी, पुढं बाबांनाही आणू. बायको म्हणाली, “बघू.” आमच्या घरात बघू या शब्दाचा अर्थ कोणत्याही बाजूला झुकू शकतो. पोरीचं लग्नही बघू म्हणूनच ठरलं होतं आणि माझा ट्रॅक्टरही बघू म्हणूनच राहिला होता. मी खोलीबाहेर उभा राहून ऐकलं आणि काही न विचारता गाईला चारा टाकायला गेलो. पण त्या एका शब्दानं मनात पाल चुकचुकली, ती थंडीभर चुकचुकतच राहिली.

गाडी तिनं टिनाच्या शेडमध्ये मागच्या भिंतीपर्यंत नेऊन उभी केली होती, तोंड दाराकडे करून. मला समोर बसवून सगळं समजावलं. बॅटरी निम्म्यावर ठेवायची. पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवली तर तिचं आयुष्य कमी होतं आणि पार उतरू दिली तर त्याहून वाईट. आठवड्यातून एकदा गाडी थोडा वेळ चालू करायची, नाहीतर दाराबिराची जी लहान बॅटरी असते ती बसते. उंदरांवर लक्ष ठेवायचं, कारण वायर कुरतडायला त्यांना आवडतं. आणि दर रविवारी तिनं फोन केला की टक्के सांगायचे. मी सगळ्याला हाव, हाव म्हणत होकार दिला.

आता माझी बाजू ऐका. मी शेतकरी माणूस. आमच्याकडे लाईट आली की माणूस हातातलं ताट सोडून उठतो. मोटार चालू कर, टाकी भर, मोबाईल लाव, गिरणीवर दळण पाठव. लाईट परत कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून जे भरता येईल ते काठोकाठ भरायचं, हे आमच्या अंगात भिनलेलं. घरातली ज्वारीची कोठी निम्मी झालेली मला बघवत नाही. आणि ही बाई सांगते, निम्मी ठेवा. ती गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेडमध्ये गेलो, पडद्यावर निम्म्याचा आकडा बघितला. परगावी गेलेल्या माणसाचं सामान आपण अर्धपोटी ठेवलंय, असं काहीतरी वाटलं. लाईट होतीच. वायर लावली. पूर्ण भरली तेव्हाच झोपलो आणि निवांत झोपलो.

त्यानंतर कापूस यायला लागला. आमच्या भागात वेचलेला कापूस लगेच विकून मोकळा होणारा माणूस विरळा. भाव चढेल म्हणून तो घरातच साठवायचा. खोलीत, ओसरीवर, जिथं कोरडी जागा असेल तिथं. पोरं त्यावर उड्या मारतात, मांजरी त्यात पिलं घालतात आणि घरातल्या सगळ्यांना अंगभर खाज सुटते. ओसरी भरली, पुढची खोली भरली आणि मग उरली ती टिनाची शेड. मी गाडीवर ताडपत्री टाकली, तिच्या पुढं आणि एका बाजूला मागच्या दाराशी कापूस लावत गेलो. दहा-पंधरा दिवसांत दारापासून गाडीच्या नाकापर्यंत छातीएवढा ढीग झाला. आत जायला भिंतीच्या कडेनं एक बोळकांडी ठेवली. गाडी काही कुठं जाणार नव्हती आणि ती चालवणारीही इथं नव्हती.

पहिले काही रविवार मी निम्मी म्हणून वेळ मारून नेली. मार्गशीर्ष सरता सरता एका रविवारी तिनं आकडाच विचारला आणि मी अभिमानानं सांगितला. मग तिनं असा काही उद्धार केला की नातवंडाच्या अंघोळीसाठी आलेली बाईसुद्धा थांबून ऐकत असावी. हो, तोवर नात झाली होती. मी आजोबा झालो होतो आणि त्याच आठवड्यात आजीच्या शिव्या खात होतो. तिनं फर्मावलं, बॅटरी आधी निम्म्यावर आणा. मी म्हटलं, कशी आणू, कोणाला गाडी फिरवून आण म्हणावं तर पुढं कापूस आहे. कापूस कुठं लावलाय ते कळल्यावर दुसरा उद्धार झाला. कापूस तिथं आहे तोवर चार्जिंगची वायर हातातसुद्धा धरायची नाही, शेडमध्ये बिडी ओढणारा माणूस पाय ठेवणार नाही, अशी तंबी मिळाली. ती बरोबरच होती. शेवटी ती वैतागून म्हणाली, “आत बसा अन् हिटर लावा. खाली येईल आपोआप.”

तेव्हा थंडी कडाक्याची पडली होती. आमच्या बाजूला पौषात सकाळचं पाणी हाताला चावतं. मी दूध काढून झालं की घोंगडी पांघरून बोळकांडीतून आत शिरायचो, ताडपत्री सरकवायचो आणि गाडीत बसायचो. तिनं जाताना दाखवलेलं बटण दाबलं की काही आवाज न होता पडदा उजळायचा आणि हळूहळू पायाशी ऊब यायला लागायची. समोरच्या काचेतून फक्त कापूस दिसायचा, पांढराफेक. पहिल्या दिवशी मी चालकाच्या सीटवर अंग चोरून बसलो होतो, दुसऱ्याच्या पाटावर बसावं तसा. तिनं सीट तिच्या उंचीची लावली होती, त्यामुळं माझे गुडघे स्टिअरिंगला टेकत. सीट मागं कशी सारायची ते मी शोधलंसुद्धा नाही. आरशाला तिची जपमाळ लटकत होती आणि दाराच्या कप्प्यात लवंगांची पुडी होती. खरं सांगायचं तर मला तिची फार आठवण आली. घरात इतकी येत नव्हती.

गुपित टिकलं ते दोनच दिवस. शेजारचे आबा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पहाटे शेकोटीला बसणारे. शेकोटीवर मी दिसेना म्हणून ते शोधत आले आणि काचेवर टकटक केली. “काऊन बे, एकलाच गरम होऊन राह्यला काय?” असं म्हणत ते दार उघडून शेजारी बसलेसुद्धा. आबांनी बिडी बाहेर दगडाखाली ठेवली होती, एवढं त्यांचं मोठेपण. त्यांच्या मागून दुसऱ्या दिवशी एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले. गावात त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा मागं बसले आणि त्यांनी गाडीची चौकशी सुरू केली. गेअर नाही, क्लच नाही, आवाज नाही, मग ही चालू आहे की बंद हे माणसानं ओळखावं कसं, हा त्यांचा आक्षेप त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. सारं आयुष्य त्यांनी इंजिनच्या आवाजावर गाडी हाकली होती. या गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता, पण हिटरवर होता.

असा आमचा रोजचा परिपाठ झाला. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, पाठ गार आणि पोट गरम असला प्रकार नाही. आबा घरून थर्मासमध्ये चहा आणायचे. आम्ही तिघं तुरीचा भाव, कोणाचं लग्न जुळलं, कोणाचं मोडलं, हरभऱ्यावरची अळी असं बोलत बसायचो आणि समोर कापसाची भिंत. उन्हं शेडच्या फटीतून आत आली की मी बटण बंद करायचो. आठवड्याला आकडा थोडा थोडा खाली यायचा. रविवारी मी तो बायकोला सांगायचो, ती बरं म्हणायची. नातीचं वजन ती सांगायची, मी बरं म्हणायचो. गाय कशी आहे, दूध किती देते, जेवता का वेळेवर. एवढं झालं की फोन संपायचा. मला मात्र त्या टक्क्यांच्या प्रश्नाचा मोठा आधार वाटे. ज्या माणसाला परत यायचं नाही तो कशाला विचारेल गाडी कुठवर उतरली म्हणून? दर रविवारी तिनं तो प्रश्न विचारला की माझा जीव भांड्यात पडायचा. आणि मी पुढचा आठवडा ढकलायचो.

माघ लागला. निम्म्याच्या खाली गेल्यावर तिनं थोडं थांबा म्हटलं, मग पाव उरेपर्यंत चालेल म्हटलं, कारण थंडी अजून होती आणि आबांना खोकला होता. आबांचा खोकला तिला पुण्यात बसून माहीत होता. आणि मग एका रविवारी तिनं विचारलंच नाही. नातीनं मान धरली, जावयांची बदली नाही झाली, बाजूच्या इमारतीत भाजी चांगली मिळते, सगळं सांगितलं. मी वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, गाडी पावाच्या जरा वर आहे. ती म्हणाली, “हो का,” आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. गाईनं लाथ मारली तर तिच्यावर ओरडलो, मामांनी गेअरचा विषय काढला तर त्यांच्यावर ओरडलो. पुढं दोन-तीन दिवसांनी जावयांचा फोन आला. जावई आमचे गुणी, शब्द तोलून बोलणारे. म्हणाले, बाबा, चिखलीचे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांना अशीच गाडी हवी आहे. नुसती उभी राहून खराब होण्यापेक्षा बघायला काय हरकत आहे? मी विचारलं, तुमच्या सासूबाई काय म्हणतात? ते म्हणाले, आईंना विचारलं, त्या बघू म्हणाल्या. ते गृहस्थ शुक्रवारी सकाळी येऊन गाडी पाहून जातील.

आता मला उमगलं की पाल उगाच चुकचुकत नव्हती. बायको पुण्यातच राहणार होती. तिला तिथं राहायचं होतं, किंवा राहावं लागणार होतं, आणि कोणी मला तोंडावर सांगत नव्हतं. मला राग आला, पण कोणाचा ते ठरेना. लेकीचा धरावा तर तिला आईची गरज होतीच. बायकोचा धरावा तर तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं काढली, आता स्वतःच्या लेकीजवळ थांबली तर काय चुकलं? मग उरला मी आणि माझं शेत. तिकडं जाऊन मी करणार काय? लेकीच्या आठव्या मजल्यावरच्या घरात गाय ठेवता येत नाही.

शुक्रवारी सकाळी नेहमीसारखे आम्ही तिघं गाडीत बसलो. कापूस मी काढला नव्हता. त्या गृहस्थांना ढीग दाखवून परत पाठवायचं, एवढंच डोक्यात होतं. आबांना आणि मामांना मी सगळं सांगितलं. आबा नुसते हं म्हणाले. मामा म्हणाले, गाडी गेली तर सकाळचं कसं होईल, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन बाजूची काच पुसायला लागले. तेवढ्यात माझा फोन वाजला. पण वाजला तो खिशात नाही, साऱ्या गाडीत वाजला. आम्ही तिघंही दचकलो. एकदा बुलढाण्याला जाताना तिनं माझा फोन गाडीला जोडला होता म्हणे, आणि गाडी चालू असली की तो आपोआप जोडला जातो. सकाळी मला सहसा फोन येत नाही, त्यामुळं हे मला ठाऊकच नव्हतं. पडद्यावर हिरवं चिन्ह आलं. मी घाबरून त्यावर बोट टेकवलं आणि बायकोचा आवाज चारही बाजूंनी आला.

तिनं विचारलं, तो माणूस आला का. मी नाही म्हटलं. तिनं विचारलं, कापूस काढला का. मी नाही म्हटलं. फोन कानाला लावला तरी आवाज गाडीतूनच येत होता. मागं मामा उतरायला धडपडत होते, पण त्यांच्या बाजूचं दार कापसाला लागून बसलं होतं आणि दुसऱ्या दारापर्यंत घाईत सरकायचं त्यांच्या गुडघ्यांना जमेना. आबा दाराकडं हात नेत होते, पण मांडीवर थर्मास उघडा होता. दोघंही अडकले आणि मीही.

“काऊन नाही काढला?” तिनं विचारलं.

मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणालो, “गाडी विकायची तं तू येणार नाहीस काय?”

पलीकडं नात कुठंतरी रडत होती. मग ती बोलली. तिचा आवाज दवाखान्यातल्या बायांशी बोलताना व्हायचा तसा झाला होता, सावकाश आणि न चढणारा.

“पोरगी म्हणते राह्य. जावई म्हणतात राहा. तुमी साऱ्या हिवाळ्यात मले एकदा तरी ये म्हणले काय? मी बॅटरीचं विचारलं तं तुमी बॅटरीचंच सांगत राह्यले. म्हणून मागच्या रविवारी मी विचारणंच सोडलं. म्हटलं, पाहू, आता तरी काही बोलतात काय.”

मी आबांकडं बघितलं. आबांनी मान वळवून खिडकीच्या काचेबाहेरच्या भिंतीकडं डोळे लावले, जसं काही तिथं बघण्यासारखं फार होतं. मागून मामांचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यात मी तिला बरंच काही म्हटलं असेन, पण हे एवढंसं म्हणायला दोन माणसं ऐकत असताना मला लाज वाटली. मग वाटलं, ऐकू दे.

“ये,” मी म्हणालो. “मले करमत नाही. तू ये.”

ती रडायला लागली की हसायला, ते आवाजावरून कळेना. नाक ओढल्याचं मात्र तिघांनीही ऐकलं. मग ती म्हणाली, नातीला तीन महिने पुरे होऊ द्या, पोरीला मी समजावते. महिन्यातून एकदा मी इकडं पुण्याला येत जाईन, तुम्हीही यायचं, गाईला दोन दिवस आबा बघतील. आबांनी खिडकीकडं तोंड ठेवूनच मान हलवली. आणि तो चिखलीचा माणूस आला तर त्याला चहा पाजा अन् वाटेला लावा, असंही सांगितलं. मग एकदम तिनं विचारलं, “तुमच्याजवळ कोणी बसलं हाये काय?”

मी म्हणालो, “कोणी नाही.”

तेवढ्यात आबांना खोकला आला. त्यांनी खांद्यावरच्या शेल्यात तोंड दाबून तो थोपवायचा प्रयत्न केला, पण तो थांबला नाही. सगळ्या गाडीत आणि तिकडं पुण्यातही तो ऐकू गेला.

“आबा,” ती म्हणाली, “अजून गेला नाही काय खोकला? मी आल्यावर पाहते.”

आबांनी मोठ्यानं हाव म्हटलं. मला डोळे पुसायचे होते आणि खिशात काही नव्हतं. आबांनी आपला शेला माझ्याकडं सरकवला आणि मी तो घेतला.